पालक बाजारात भेटतात

शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला माझी खोली दाखवली. ती खेळाच्या सामानाची खोली होती. कोपऱ्यात लेझिमांचा ढीग, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या आणि मधे माझ्यासाठी सरकवलेलं एक टेबल.

"इथे बसायचं," ते म्हणाले. "वर्गशिक्षक ज्या पोराला पाठवतील त्याला समजावून सांगायचं. पालकांना बोलावणं हे ऑफिसचं काम. तुम्ही गावात फिरायचं नाही."

मी "बरं" म्हटलं नाही. "बघते" म्हटलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण जाताना त्यांनी दार जरा जोरातच लोटलं.

शाळा घाटंजीच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून बरीच आत होती. कापसाची ती वाईट वर्षं. बाहेरच्या नंबरच्या गाड्या अधूनमधून गावात यायच्या. ज्या घरातला माणूस गेला असेल त्या घरासमोर थांबायच्या. कॅमेरे उतरायचे, त्या घरच्या बाईला दारात बसवायचे, डोक्यावरचा पदर नीट करायला सांगायचे, आणि गाडी धूळ उडवत परत जायची. अशाच काळात शाळांमध्ये समुपदेशक असावेत असं कोणाच्या तरी मनात आलं. एका संस्थेनं पगार द्यायचं कबूल केलं आणि समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली मी दारव्ह्याहून इथे कंत्राटावर आले. शाळेनं मला मागितलं नव्हतं. शाळेनं मला फक्त ठेवून घेतलं होतं.

त्या शाळेचा आणि घरांचा संबंध एकाच वाक्यावर चालायचा: "उद्या बापाला घेऊन ये." बाप नसेल तर आईला. हे वाक्य ऐकलं की पोराचा चेहरा उतरायचा आणि घरी मार बसायचा, कारण शाळेचं बोलावणं म्हणजे काहीतरी वाईटच. आई यायची, ऑफिसच्या दाराशी उभी राहायची, चपला बाहेर काढून. मुख्याध्यापक मान वर न करता बोलायचे आणि ती "हो जी, हो जी" म्हणत परत जायची. मी हे पहिल्यांदा पाहत नव्हते. माझ्या आईला मी असंच उभं पाहिलं होतं, दारव्ह्याच्या शाळेत. तिला आत यायलाही सांगितलं नव्हतं. कोणत्या वस्तीतून आलो आहोत हे विचारून झाल्यावर तर नाहीच. घरी जाताना ती म्हणाली होती, "तुह्या शाळेत मले पुन्हा नको बलावू वं." मी तिला पुन्हा बोलावलं नाही. पण ते मी विसरलेही नाही.

तर मी गावात फिरले नाही. मी बाजारात जाऊन बसले.

गावचा आठवडी बाजार शाळेच्या मागेच भरायचा. त्या दिवशी मजुरीच्या बायांना हप्ता मिळायचा, वेचणीचं काम दुपारनंतर सुटायचं, आणि बंजारांच्या तांड्यावरच्या, कोलामांच्या पोडावरच्या, आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या बाया भाजीला, तेलामिठाला यायच्या. शाळा सुटल्याबरोबर मी पिशवी घेतली आणि बांगडीवालीच्या शेजारी एक पोतं अंथरून बसले. नववीतल्या एका मुलीची आई समोरून चालली होती. मुलीचा चेहरा हुबेहूब तिच्यासारखा होता, म्हणून ओळखू आली. हात बोंडांनी ओरखडलेले, काखेत मेथीची जुडी.

"ताई, मी शाळेतली मॅडम," मी म्हटलं.

ती जागच्या जागी थिजली. "काय केलं जी पोट्टीनं?"

"काही नाही केलं. काल वर्गात धडा वाचला तिनं. इतका चांगला वाचला की सगळी पोरं गप झाली. थेच सांगाले आली."

"मंग?"

"मंग काही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी मागणार, किंवा शेवटी खरी गोष्ट काढणार, याची वाट बघत. मी काही काढलं नाही. "एवढ्यासाठी तुमी बाजारात बसल्या?" ती म्हणाली आणि न हसताच निघून गेली. पुढच्या बाजाराला ती आपणहून येऊन थांबली.

मग मी दर बाजाराला तिथेच बसू लागले. काही घडलं असो वा नसो. घडलं तरच भेटायचं, हीच तर सगळी खोड होती. बाया हळूहळू थांबायला लागल्या. कोणी पोराच्या दुखऱ्या कानाबद्दल बोलायची, कोणी नवरा पोरीला शाळेतून काढायचं म्हणतो ते. मी चांगलं सांगायचे, वाईटही सांगायचे, आणि उठताना प्रत्येकीला विचारायचे, "यातलं शाळेत काय सांगू, आन काय नको?" हा प्रश्न त्यांना आधी कोणी विचारलाच नव्हता. काही जणी तर गोंधळूनच जायच्या. त्यांच्या घरातलं काही त्यांच्या परवानगीशिवाय सांगायचं नसतं, असं कोणाला वाटू शकतं, हेच त्यांना नवं होतं.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "मी काय सांगितलं होतं?"

"गावात फिरायचं नाही. मी फिरत नाही सर. मी बसते."

"शाळेची इज्जत आहे काही. शिक्षिका बाजारात पोत्यावर?"

"पालक बाजारात भेटतात सर. शाळेत भेटत असते तर मी शाळेत बसले असते."

स्टाफरूममध्ये तर माझी चांगलीच फिरकी घेतली जायची. "मॅडम, वांग्याला काय भाव?" गणिताचे सर त्यात पुढे. वयानं मोठे, आवाज खणखणीत, हातात कायम खडू. मी म्हटलं, वांग्याचा भाव सांगते, पण पोरांचंही ऐका. शनिवारी शाळा अर्धी सुटायची. त्या दिवशी मी स्वतः चहा करायचे आणि चहा संपेपर्यंत बोलायचे. कोणाच्या घरी काय झालं ते नाही, तर पोराला वर्गात काय लागेल ते. पहिल्या वेळी निम्मे शिक्षक कप घेऊन बाहेर गेले. मी उरलेल्यांशी बोलले. पुढच्या शनिवारी पुन्हा केला चहा.

त्या नववीतल्या मुलीवरून गणिताच्या सरांशी माझी जुंपली. ती पहिल्या तासाला झोपायची आणि सर तिला तास संपेपर्यंत बाकावर उभं करायचे. मी तिच्या आईला बाजारात विचारलं. आई बराच वेळ भाजीची पिशवी नीट करत राहिली. मग म्हणाली, "तिचा बाप गेला तवापासून रातच्यान माह्यावर ध्यान ठेवते थे. मी कूस बदलली तरी उठून बसते. मी म्हनतो, झोप वं बाई, मी काही करत नाही. पन नाही झोपत." आणि मग, "हे कोनाले सांगू नका."

मी नाही सांगितलं. शनिवारी सरांना इतकंच म्हटलं, "तिची झोप होत नाही सर. कारण आहे. तिला उभी करू नका."

"काय कारण?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"मग मी कायले मानू?"

"मी सांगते म्हणून माना. नाही मानलं तर मी रोज तुमच्या वर्गाबाहेर येऊन उभी राहीन."

सरांनी कप आपटला. चार शब्द ऐकवले, त्यातला एक माझ्या वयावर होता आणि एक माझ्या कंत्राटावर. पण त्या आठवड्यात ती मुलगी उभी दिसली नाही. सरांनी तिची जागा बदलून खिडकीपाशी दिली होती.

हिवाळ्यात, वेचणी जोरात असताना, मुख्याध्यापकांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच मला शंका आली.

"शहरातून पाहुणे येताहेत. सायकली वाटणार. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या मुलांना. आपल्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष येणार, कॅमेरे येणार. तुम्हाला ती मुलं माहीत आहेत. त्यांना आयांसकट पहिल्या रांगेत बसवा."

"मी नाही बसवणार."

त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा सांगितलं.

"अहो, सायकली मिळताहेत पोरांना! आणि लपवायचं काय आहे त्यात? सगळ्या गावाला माहीत आहे, कोणाच्या घरी काय झालं ते."

"गावाला माहीत आहे. पण गाव त्या पोरांना त्या नावानं हाक मारत नाही. तुम्ही माईकवरून मारणार."

"तुमची नेमणूक शाळेची आहे, मॅडम."

"आणि त्या बाया माझ्याशी बोलल्या ते शाळेला कळावं म्हणून नाही."

ते म्हणाले, "उन्हाळ्यात करार संपतो तुमचा. एवढं लक्षात ठेवा." लक्षात होतंच. ते हे पहिल्यांदा बोलत होते, असं नाही.

बाजाराच्या दिवशी मी सगळं त्या बायांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या माझ्यासारख्याच चिडतील. तांड्यावरून आलेली एक बाई चिडली, पण माझ्यावर. तिचा मुलगा सातवीत होता, नाला ओलांडून रोज पायी यायचा.

"तुमी कोन जी नाही म्हननाऱ्या? तुमाले चालत येनं हाये का रोज? पोराले सायकल भेटून राह्यली तं भेटू द्या ना!"

बांगडीवाली हातातल्या बांगड्या तशाच धरून ऐकत होती. शेवटी नववीतल्या मुलीची आई बोलली.

"सायकल तं मलेही पायजे. लय दूर पडते शाळा. पन माह्या पोरीले तिच्या बापाच्या मरनाची सायकल नोको. दूरून येते म्हून द्या. थ्या पोडावरच्या पोरायलेही द्या, त्यायचे बाप जिते हायेत तरी थे पायीच येतात ना?" मग माझ्याकडे वळून, "थे तुमी सांगा सायबाले."

"मी नाही. मी सांगितलं तर तो माझ्या एकटीचा हट्ट ठरतो. तुमी सांगा. मी संग येते."

"आमचं कोन आयकते शाळेत?"

"नाही आयकलं तं तिथंच बसू."

ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्या आल्या. कामाचा दिवस बुडवून आल्या, आणि वेचणीच्या हंगामात एक दिवस बुडवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. तांड्यावरची बाईही आली, फक्त मी काय बोलते यावर नजर ठेवायला. ऑफिसच्या दाराशी त्यांनी सवयीनं चपला काढल्या आणि तिथेच थांबल्या. मी स्टाफरूममध्ये गेले आणि खुर्च्या उचलायला लागले. "काय चाललंय?" कोणीतरी विचारलं. "पालक आलेत," मी म्हटलं. गणिताचे सर वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते उठले, त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे ढकलली आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले.

"अहो, बसायची काय गरज? दोन मिनिटांचं काम," मुख्याध्यापक म्हणाले.

"बसूनच बोलतो जी," नववीतल्या मुलीची आई म्हणाली आणि बसली. बाकीच्या तिच्याकडे बघून बसल्या. मग तिनं सांगितलं. घाबरत, मधे अडखळत, पण सगळं सांगितलं. सायकली दूरच्या पोरांना द्या. मेलेल्याचं नाव घेऊन देऊ नका. आमची पोरं स्टेजवर चढणार नाहीत.

"पाहुण्यांनी ज्यांच्यासाठी पैसा दिला त्यांनाच द्यावा लागतो, बाई. नाही तर ते येणारच नाहीत."

"नाही आले तं नाही."

तांड्यावरच्या बाईनं खुर्चीत चुळबुळ केली. मुख्याध्यापक "बघतो" म्हणाले. हे "बघतो" मला चांगलं ओळखीचं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगणात मांडव, सायकलींना लाल फिती, समोर कॅमेरा. अध्यक्षांनी माईक घेतला. काही बदललेलं नव्हतं. "ज्या लेकरांच्या घरचा आधार हरपला," ते आवाज हळवा करत म्हणाले, "त्या लेकरांनी पुढे यावं."

कोणी उठलं नाही.

अध्यक्षांना वाटलं, पोरं लाजताहेत. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, अजून मायेनं. पोरं मातीत बोटानं रेघा ओढत बसली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, नजर हलवली नाही. मग त्यांनी नववीच्या रांगेपाशी उभ्या असलेल्या गणिताच्या सरांना हातानं खूण केली, त्या मुलीला उठवा म्हणून. सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसू लागले. ते इतका वेळ पुसत राहिले की मला हसू येईल की रडू, ते कळेना.

बायांच्या बाजूनं आवाज आला. "दूरून येनाऱ्या पोरायले उठवा ना जी!" नववीतल्या मुलीची आई उभी होती. पदर खोचलेला, आवाज चढलेला. "पायी येतात थे उठा रे! उठा!"

आधी तांड्यावरची पोरं उठली, मग पोडावरची, मग नाल्यापलीकडची. त्यांच्यात ती मुलगीही उठली, इतर पोरींबरोबर, त्यांच्यातलीच एक. मांडवभर पोरं उभी. अध्यक्ष माईक धरून पाहुण्यांकडे वळले. पाहुण्यांपैकी एक वयस्कर बाई त्यांच्या कानाशी काही बोलल्या, मग स्वतःच माईकजवळ आल्या आणि म्हणाल्या, "एवढी पोरं पायी येतात? मग यांनाच द्या की." पाहुण्यांना दुसरं काही हवंच नव्हतं. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

कॅमेरावाला वैतागला. त्याला रडणारं कोणी मिळालं नाही.

पण सायकली पोरांपेक्षा कमी होत्या. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांत तांड्यावरच्या त्या बाईचा मुलगा होता. तो आधीच्या हिशोबात नक्की बसला असता, कारण त्याचाही बाप तसाच गेला होता. बाजारात ती माझ्यावर चिडली तेव्हाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिनं मला कधी सांगितलंच नव्हतं. मांडवाबाहेर तिनं मला गाठलं.

"तुमच्या नादानं माह्या पोराची सायकल गेली."

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? मला त्या निर्णयाचा पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही. पण त्याची किंमत माझ्या पायांनी मोजली नाही, तिच्या पोराच्या पायांनी मोजली, हे मला कोणी विसरू देऊ नये असं वाटतं. बरेच बाजार ती माझ्यासमोरून मान वळवून गेली. मग एकदा थांबली. "पोट्टा शाळेत जात नाही म्हनते. सायकलचं राहू द्या आता. काय करू थे सांगा." मी तिच्यासाठी पोत्यावर सरकून जागा केली.

उन्हाळ्यात माझा करार वाढवला नाही. मुख्याध्यापकांनी कारण दिलं नाही, तेव्हा मी सगळ्या स्टाफसमोर विचारलं. "तुम्ही पालकांना आमच्या डोक्यावर आणून बसवलं," ते म्हणाले.

"डोक्यावर नाही सर. समोर."

मी पेटी भरली आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून गावाबाहेर पडले. नववीतल्या मुलीची आई रस्त्याला उभी होती, वावरात जाता जाता. तिनं माझ्या हातात ओंजळभर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि म्हणाली, "आता पोट्टी झोपते जी. घोरते."

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर गणिताच्या सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत, रागीट. "तुमच्या त्या बाया ऑफिसात आल्या होत्या. म्हणतात, मॅडम गेल्या तं गेल्या, आमची भेट काहून बंद केली? मुख्याध्यापकांनी मले बाजारात पाठवलं. आता दर बाजाराले माही दुपार जाते."

"पोत्यावर बसता का सर?"

"मी कायले पोत्यावर बसतो! खुर्ची नेतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

पुसदच्या एका शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या माणसानं आधीच चौकशी करून ठेवली होती. "तुम्ही पालकांना भडकवता, असं ऐकलंय."

"मी पालकांना दर आठवड्याला भेटते. ज्यांना ते भडकवणं वाटतं त्यांनी मला घेऊ नये."

त्यांनी घेतलं नाही. त्याच गावातल्या दुसऱ्या शाळेनं घेतलं. तिथल्या मुख्याध्यापिकेला मी पहिल्याच दिवशी विचारलं, इथल्या आया कोणत्या दिवशी, कुठे मोकळ्या असतात? तिला ठाऊक नव्हतं. तिनं बेल वाजवून शिपायाला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मग मीच शोधून काढते," म्हटलं, आणि चप्पल घातली.